आईला घडीघडी लघवीचं इन्फेक्शन: गोखरू, पुनर्नवा, क्रॅनबेरी… खरंच कशाने फरक पडतो?

नंदनवनची लेक (नागपूर)

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारते आहे, जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

आईचं वय ६४. साखर आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. बीपीचीही गोळी आहे. दिवाळीपासून तिला लघवीचं इन्फेक्शन घडीघडी होऊन राहिलं आहे. जळजळ, थेंब थेंब होणं, ओटीपोटात दुखणं, रात्री चार-चारदा उठणं. डॉक्टर अँटिबायोटिकचा कोर्स देतात, बरं वाटतं आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तेच. आता तर मे महिना आहे, पारा ४५ च्या खाली यायला तयार नाही. ती लग्नाकार्यात जायलाही घाबरते. मंगल कार्यालयात बाथरूम कुठे असेल, हाच तिचा पहिला प्रश्न असतो.

नातेवाइकांत प्रत्येकाकडे एकेक औषध आहे. आत्याने इतवारीतून गोखरू आणि पुनर्नवा आणून दिलं, रोज सकाळी काढा करून घे म्हणते. शेजारच्या काकू जवखार द्या म्हणतात. पुण्याचा चुलतभाऊ क्रॅनबेरी आणि डी-मॅनोज (एक प्रकारची साखर) यांच्या पुड्या पाठवून राहिला आहे. काटोलचे मामा म्हणतात, पळसाची फुलं शिजवून ओटीपोटावर बांधा. आईचा काढ्यावर विश्वास आहे, कारण तिच्या आईला उन्हाळी (लघवीची जळजळ) लागली की घरात हाच काढा व्हायचा.

मला तिचा विश्वास मोडायचा नाही. पण पुन्हा पुन्हा अँटिबायोटिकही बघवत नाही. यातल्या कशाला खरंच पुरावा आहे? काढा चालू केला तर गोळ्या बंद कराव्यात काय? आणि आत्याच्या पुडीतला गोखरू मोठा, चौकोनी दिसतो. मी लहानपणी पाहिलेला सराटा असा नव्हता. तो बरोबर आहे काय?

---

लॅब काउंटर

ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. औषधांचं जाणकार सांगतील, मी नमुन्याचं सांगतो, कारण गडबड तिथूनच सुरू होते.

दर वेळी अँटिबायोटिक सुरू करण्याच्या आधी कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, नमुना गेला पाहिजे. बहुतेक लोक दोन गोळ्या खाऊन मग डबी घेऊन येतात. मग प्लेटवर काहीच उगवत नाही, रिपोर्ट 'नो ग्रोथ' येतो आणि घरचे म्हणतात, इन्फेक्शन नव्हतंच. आईला स्वच्छ धुवायला सांगा, सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यायची. आपल्या उन्हात ती डबी स्कूटीच्या डिकीत तासभर राहिली तर त्यात जंतू वाढतात आणि आकडा फुगतो. लगेच आणा, नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार तासांत आणा.

रिपोर्टला साधारण दोन दिवस लागतात. बहुतेक वेळा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघतो, जंतू वाढवायच्या मॅकॉन्की प्लेटवर त्याचे गुलाबी ठिपके दिसतात. खरी कामाची गोष्ट त्याच्या पुढची आहे: कुठल्या औषधाला जंतू दाद देतो आणि कुठल्याला नाही, ती यादी. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या नेहमीच्या औषधांना दाद न देणारे ई. कोलाय रोज दिसतात. म्हणून अंदाजाने दिलेला कोर्स फुकट जाऊ शकतो. जुने सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावा. प्रत्येक वेळी तोच जंतू येतो की वेगळा, हे डॉक्टरांना त्यातूनच कळतं.

---

वैद्यबाई (द्रव्यगुण) (सक्करदरा)

ताई, मी आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांच्या गुणांचं शास्त्र, शिकवते. या वनस्पती माझ्या रोजच्या जगण्यातल्या आहेत आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. म्हणूनच त्यांच्या नावावर जे त्यांचं नाही ते खपवलं गेलं की मला त्रास होतो. जरा लांबण लागेल, पण आईचा प्रश्न आहे, वाचा.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: गोळ्या बंद करू नका. जळजळ आणि ताप असताना तर नाहीच.

आता गोखरू. तुमची शंका बरोबर आहे. आत्याच्या पुडीत मोठा गोखरू आहे. लहान गोखरू म्हणजे आपला सराटा, मोकळ्या प्लॉटवर जमिनीसरशी पसरतो, फूल पिवळं, फळाच्या पाच फाका आणि प्रत्येक फाकेवर टणक काटे. चपलेच्या तळात घुसतो तो हाच. मोठा गोखरू हे वेगळ्याच कुळातलं झाड. त्याचं फळ चार कोनांचं, बुडाशी चार काटे. त्याची ताजी फांदी ग्लासभर पाण्यात नुसती फिरवली तरी पाणी बुळबुळीत होतं, तार सुटते. विद्यार्थ्यांना मी हे करून दाखवते, त्यांचा विश्वास बसत नाही. तोही परंपरेने उन्हाळीत वापरतात, ते चुकीचं नाही. पण ग्रंथातल्या गोक्षुराबद्दलचं आणि सराट्यावरच्या अभ्यासांचं बोलणं त्याला लावता येत नाही. पुनर्नव्याचंही तसंच. पावसाळ्यात उकिरड्यावर माजणारा विषखापरा पुष्कळदा पुनर्नवा म्हणून पुडीत येतो. दोन्ही पसरट, दोन्ही मांसल, वाळल्यावर तर ओळखणं कठीण. म्हणून बाजारातून सुटं घेण्यापेक्षा परवाना क्रमांक आणि बॅच छापलेलं घ्या, किंवा ओळखणाऱ्याला दाखवून घ्या.

आता पुराव्याकडे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात लघवीचं प्रमाण वाढवणारी दहा द्रव्यं दिली आहेत. त्यांत गोखरू आहे, पाषाणभेद आहे, दर्भ, कुश, काश आहेत. म्हणजे आपल्या ग्रंथकारांनी या वनस्पतींकडून मागितलेलं काम प्रवाह वाढवण्याचं आहे. जनावरांवरच्या प्रयोगांत गोखरूचा तो परिणाम दिसलाही आहे. माणसांवरचे अभ्यास मात्र छोटे, बरेचसे तुलनेच्या गटाशिवायचे. 'गोखरूने मूत्राशयातलं इन्फेक्शन जातं' असं ठामपणे सांगता येईल इतकी भक्कम चाचणी मी तरी वाचलेली नाही, आणि मी शोधत असते.

पण इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०१८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या. निम्म्यांना रोज नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं, बाकीच्यांना नेहमीसारखं राहू दिलं. वर्षभरात पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, दुसऱ्या गटाला ३.२ वेळा. नुसतं पाणी! चाचणीला बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीचा पैसा होता आणि त्या बायका पाळी चालू असलेल्या वयाच्या होत्या, हे लक्षात ठेवू. तरी प्रवाह वाढवण्याची कल्पना खरी ठरते, हे मला त्यातून दिसतं. आजीच्या काढ्यात गोखरू होता तसा दोन ग्लास पाणीही होतं. धने-जिऱ्याचं पाणी, वाळ्याचं पाणी, सब्जा, बार्ली, यांचं मोल मी तिथेच धरते.

आणि नागपूरचा उन्हाळा बघा. नवतपात घामाने अंग निथळतं, लघवी दिवसात दोन-तीनदा होते, गडद पिवळी. त्यात आपल्या बायका एसटीने निघायचं म्हटलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण रस्त्यात सोय नसते. लग्नात हिरव्या शालूत बाथरूम गाठणं नको म्हणून पाच-पाच तास दाबून धरतात. तुमची आईही बहुधा पाणी कमी करूनच लग्नाला जात असणार. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी दिवसभरात विभागून प्यायचं, संध्याकाळनंतर थोडं कमी. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र किती ते डॉक्टरांनाच विचारायचं.

वायवर्णा, म्हणजेच वरुण. तुम्ही नाव घेतलं नाही, पण कोणीतरी घेईलच. सुश्रुताच्या वरुणादि गणातलं हे झाड, साल वापरतात. बनारस हिंदू विद्यापीठात १९८० च्या सुमारास यावर चांगलं काम झालं. प्रोस्टेट वाढलेल्या, मूत्राशय ढिलं पडलेल्या रुग्णांत लघवी जास्त मोकळी होते असं तिथे दिसलं. त्यानंतर ऑस्ट्रेलियात वायवर्ण्याची साल आणि दुसऱ्या दोन वनस्पती मिळून केलेल्या कॅप्सूलची चाचणी झाली: १५० माणसं, ८ आठवडे, निम्म्यांना नकली कॅप्सूल, कोणाला काय मिळतंय हे कोणालाच माहीत नाही. खऱ्या कॅप्सूलवाल्यांचं दिवसा वारंवार जाणं आणि रात्रीचं उठणं कमी झालं. ही २०१८ चीच चाचणी. औषध बनवणाऱ्यांचाच तीत हात होता आणि तीन वनस्पतींपैकी श्रेय कोणाचं ते कळत नाही. पण आपल्या झाडांपैकी मला सर्वांत आशा वाटते ती वायवर्ण्याकडून. तीही इन्फेक्शनसाठी नाही, घाईची आणि वारंवार होणाऱ्या लघवीसाठी.

क्रॅनबेरी. परदेशी फळ आहे म्हणून मी नाक मुरडणार नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ५० अभ्यास एकत्र करून तपासले, जवळपास ९ हजार माणसं. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांमध्ये पुन्हा होण्याचा धोका साधारण एक चतुर्थांश कमी झाला. त्यातली द्रव्यं ई. कोलायला मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराला चिकटू देत नाहीत. वृद्धाश्रमात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत आणि गरोदर बायकांत मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे हे पुन्हा होऊ नये म्हणून, झालेलं बरं करायला नाही. आईला साखर आहे, तेव्हा गोड ज्यूस अजिबात नको. कॅप्सूल किंवा साखर नसलेली पुडी. आणि बाजारात 'भारतीय क्रॅनबेरी' म्हणून लाल रंगवलेली करवंदं मिळतात, त्यांना यातलं काहीही लागू नाही.

डी-मॅनोज. भावाला सांगा, पैसे वाचव. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये ५९८ बायकांवर सहा महिने चाचणी झाली. डी-मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के पुन्हा दवाखान्यात आल्या, नकली पूड घेणाऱ्यांपैकी ५५.७ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे.

या आकड्याकडे उलट बाजूनेही बघा. नकली पूड घेतलेल्यांपैकी जवळपास ४४ टक्के बायकांना सहा महिन्यांत पुन्हा त्यासाठी जावंच लागलं नाही. त्यांच्या हातात त्या काळात आपण पळसाची फुलं दिली असती तर श्रेय पळसाला गेलं असतं. जर्मनीतल्या २०१५ च्या एका अभ्यासात, साध्या इन्फेक्शनला अँटिबायोटिकऐवजी नुसती वेदनाशामक गोळी दिलेल्या बायकांपैकी दोन तृतीयांश अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या. पण त्यांना त्रास जास्त दिवस झाला आणि किडनीपर्यंत इन्फेक्शन चढण्याचे प्रकारही त्याच गटात जास्त दिसले. आजीची उन्हाळी काढ्याने गेली हे आई खोटं सांगत नाही. पण आजी तरुण होती, साखर नव्हती, आणि शरीराने बरंचसं काम स्वतः केलं. तुमच्या आईला ६४ व्या वर्षी, साखर असताना, ती जोखीम देऊ नका.

जवखार नको. तो क्षार आहे, लघवीची आम्लता कमी करतो. नायट्रोफ्युरँटॉइन ही लघवीच्या इन्फेक्शनची नेहमीची गोळी आम्ल लघवीत जास्त चांगलं काम करते. काकूंचा जवखार तिचा जोर कमी करेल.

आता जे कोणीच सांगितलेलं नाही ते सांगते. पाळी गेल्यानंतर योनीमार्ग आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं होतं, तिथले चांगले जंतू जातात आणि ई. कोलायला जागा मिळते. त्यासाठी इस्ट्रोजेनचं मलम येतं, योनीमार्गात लावायचं. १९९३ मधल्या एका चाचणीत, वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या पाळी गेलेल्या ९३ बायका होत्या. मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं, नकली मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. इतका मोठा फरक मला कुठल्याच काढ्यात दिसलेला नाही. आयुर्वेदाची शिक्षिका असून मी हे लिहिते आहे, कारण माझ्या आईसाठीही मी हेच लिहिलं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून, स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर तो आधी सांगून, विचारा.

आणि डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे खाली बुरशीचं इन्फेक्शन वाढतं, खाज सुटते, लघवी लागली की झोंबतं. आई त्यालाच लघवीचं इन्फेक्शन समजत असण्याची शक्यता आहे. मग अँटिबायोटिकने ते उलट वाढेल. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना हे बोलून दाखवाच.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत कळ, उलट्या, लघवीत रक्त, किंवा आई असंबद्ध बोलायला लागली तर काढा, मलम, हा धागा, सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना.

---

काटोलकर

पळसाच्या फुलांचं मी सांगतो, कारण आमच्या भागात अजून करतात. शिमग्याच्या आधी पळस पेटला की बाया फुलं वाळवून ठेवतात. लघवी तुंबली की ती शिजवून, गरम गरम फडक्यात ओटीपोटावर बांधायची.

गल्लीतल्या एका आजोबांची लघवी रात्री पूर्ण बंद झाली. घरच्यांनी फुलं बांधली, बदलली, पुन्हा बांधली. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, म्हातारा माणूस कण्हत होता. पहाटे नागपूरला नेलं, नळी घातली तेव्हा मोकळे झाले. प्रोस्टेट होतं. डॉक्टर म्हणाले, उशीर आणखी झाला असता तर किडनीवर गेलं असतं. फुलांनी शेक लागतो, बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण पूर्ण तुंबलेली लघवी त्याने सुटेल म्हणून रात्र काढू नका.

वैद्यबाई, आमच्या बाबांना प्रोस्टेटचाच त्रास आहे, अजून सुरुवातीचा. भोपळ्याच्या बिया आणि सॉ पाल्मेटो या अमेरिकी ताडाच्या फळांच्या गोळ्यांचं फार ऐकतो. काही खरं आहे काय?

---

वैद्यबाई (द्रव्यगुण)

काटोलकर, आजोबांचा प्रसंग लिहिलात ते फार बरं केलंत. लघवी पूर्ण बंद झाली तर तासाभरात नळी हेच औषध. पळसाच्या फुलांची तुंबलेल्या लघवीवर माणसांत नीट चाचणी झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

सॉ पाल्मेटोवर पैसा घालवू नका. अमेरिकेत २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभर चाचणी झाली, नकली गोळीपेक्षा काहीच जास्त नाही. मग कोणी म्हणालं डोस कमी पडला, तर २०११ मध्ये ३६९ पुरुषांना तिप्पट डोसपर्यंत नेलं, तरी नाही.

भोपळ्याच्या बियांवर जर्मनीत १,४३१ पुरुषांची वर्षभराची चाचणी झाली. नुसत्या बिया खाणाऱ्यांपैकी ५८.५ टक्क्यांना ठरवलेला आराम पडला, नकली औषध घेणाऱ्यांपैकी ४७.३ टक्क्यांना. बियांच्या अर्काच्या कॅप्सूलने मात्र फरक पडला नाही. तेव्हा बाबांना मूठभर बिया खुशाल खाऊ द्या, अन्नच आहे. पण लघवीची धार, सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी त्याआधी होऊ द्या.

---

नंदनवनची लेक

वैद्यबाई, लॅबवाले दादा, काटोलकर, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. पाण्याचं तिला लगेच पटलं. मलमाचं ऐकून लाजली, 'या वयात हे कायले' म्हणाली, पण नाही म्हणाली नाही. मी सोमवारी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेते आहे. नमुनाही आधी लॅबमध्ये देणार.

एकच विचारायचं आहे. खोकला-हसताना तिला थोडी लघवी होते, ते तिने कालच पहिल्यांदा सांगितलं. त्यालाही काही काढा आहे काय? आणि सकाळचा एक कप काढा तिला मनासाठी हवाच आहे. गोखरू-पुनर्नवा एकत्र दिलं तर चालेल काय? बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० आहे.

---

वैद्यबाई (द्रव्यगुण)

हसताना होते त्याला काढा नाही, व्यायाम आहे. लघवी अडवायला जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच-सहा सेकंद धरायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच अडवून करायचा नाही, एरवी बसल्या बसल्या. कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात अशा त्रासाच्या, व्यायाम करणाऱ्या बायकांपैकी ५६ टक्क्यांनी त्रास गेला असं सांगितलं, न करणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांनी. स्नायू नेमका कुठला ते सोमवारी डॉक्टरांनाच दाखवायला सांगा, पुष्कळ बायका पोट आवळत बसतात. आणि आईला सांगा, लाजू नको, तिच्या वयाच्या कितीतरी बायकांना हे होतं, बोलत कोणी नाही.

टेल्मिसार्टन असेल तर पुनर्नवा नको. टेल्मिसार्टनने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, पुनर्नव्यात पोटॅशियम बरंच असतं, आणि साखरेच्या माणसाची किडनी ते बाहेर टाकायला आधीच कमी पडत असू शकते. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते) आणि पोटॅशियम तपासून घ्या. गोखरूही रोज, महिनोन्महिने नको. एका छोट्या चाचणीत तो साखर उतरवताना दिसला आहे, गोळ्यांसोबत जास्त उतरू नये. शिवाय इराणमध्ये एका तरुणाने मुतखड्यासाठी त्याचं पाणी प्यायलं आणि यकृत, किडनी दोन्हीला इजा झाल्याची नोंद आहे.

सकाळचा कप मनासाठीच हवा असेल तर धने आणि जिरं रात्री भिजवून, सकाळी उकळून, गाळून, साखर न घालता द्या. मोठा कप घ्या. रिपोर्ट आले की क्रिएटिनिनचा आकडा इथे टाका, मग गोखरूचं पुढचं बोलू.